बाई गडगड्याला बसल्या

कोरगावच्या जत्रेत सुलभाबाईंना गडगड्याच्या पटापाशी बसलेलं पाहिलं, तेव्हा मला वाटलं, त्या कुणाचा तरी कान धरून त्याला उठवायला आल्या असणार. पूर्वी त्यांनी तसं केलेलं होतं. म्हटलं, हा तमाशा चुकवायचा नाही, आणि गर्दीत कोपर घालत पुढे सरकले. गडगडा आमच्या जत्रांना नवा नाही. डब्यात सोंगट्या घालून डबा खडखडवायचा, पालथा घालायचा, आणि पटावरच्या चित्रांवर ज्याने त्याने पैसे लावायचे. पोलीस आले अशी हूल उठली की पट गुंडाळतात आणि जरा वेळाने पलीकडच्या माडाखाली पुन्हा मांडतात.

पुढे जाऊन बघते तर बाईंनी पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, आणि त्या एका चित्रावर नोट ठेवत होत्या. डबा हलवणारा माणूसच त्यांना म्हणत होता, "बाई, आतां पुरो. घरा वचात." त्याला बहुधा लहानपणी बाईंनी शिकवलं असावं. बाईंनी वर न बघता त्याला सांगितलं, "गप्प बस. डबा हलव."

गावात कोणी मेल्याची बातमी आली असती तरी मी इतकी हादरले नसते.

सुलभा गावस या डिचोलीजवळच्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. माहेर कोरगावचं, आणि लग्न केलं नाही म्हणून सासर कुठलंच नाही. का केलं नाही, असं एकदा मी धीर करून विचारलं होतं. "मला एक वर्ग पुरे होता," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले आणि पुढे नशिबाने घरही त्यांच्या शेजारी मिळालं. त्यामुळे शाळेत माझी पाठटाचणं तपासली जात आणि घरी माझं अंगण. जनेलातून, म्हणजे खिडकीतून, त्यांचा आवाज यायचा, "अगं, तुळशीला पाणी आज की उद्या?" मी त्यांच्यावर चिडायचे आणि त्यांच्यावाचून माझं चालायचंही नाही.

जुगार या गोष्टीशी त्यांचं जुनं वैर. वडिलांनी पत्त्यांपायी काजूची बाग घालवली असं कोरगावात म्हणत, पण बाईंनी ते कधी सांगितलं नाही. शाळेत मधल्या सुट्टीत मुलं गोट्या खेळत. बाईंचा नियम असा की खेळा हवं तेवढं, पण घंटा झाली की जिंकलेल्या गोट्या ज्याच्या त्याला परत. "मग जिंकून काय उपयोग, बाई?" असं एकाने विचारलं. "नेम सुधारला ना? तो घरी ने," बाई म्हणाल्या. चवथीच्या दिवसांत घरोघरी पत्ते बसतात, तेव्हा त्या भावाकडे जाऊन गणपतीला हात जोडत, नेवऱ्या खात आणि पत्ते निघाले की चपला घालत. एकदा कुणीतरी चेष्टेने त्यांच्यासमोर पत्ते वाटले. बाईंनी ते गोळा करून शांतपणे विहिरीत टाकले. धाकटा भाऊ वसंता त्यानंतर पुढच्या चवथीपर्यंत त्यांच्याशी बोलला नव्हता.

आणि तो जत्रेतला जुना किस्सा. शाळेतल्या एका पोराचा बाप, गावातला वजनदार पंच, गडगड्याला बसला होता. बाई त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आरडाओरडा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणाल्या, "सोमवारी वर्गात 'माझे बाबा' हा निबंध आहे. तुमच्या मुलाने काय लिहावं, ते आत्ताच सांगून ठेवा." पंच उठला. पुढे निवडणुकीत पडला तेव्हाही तो म्हणे, मतांनी नाही पाडलं, बाईंनी पाडलं.

"सवय पाहुणी म्हणून येते आणि घरकारीण होऊन बसते," हे त्यांचं पेटंट वाक्य. शाळेच्या भिंतीवर ते त्यांच्याच अक्षरात रंगवलेलं होतं. ते अक्षर म्हणजे बाईंचा एकमेव दागिना. डिचोलीतल्या निम्म्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते त्यांच्याकडून लिहून घेत. फळ्यावर त्यांनी 'ळ' काढला की पुसायला जिवावर यायचं.

निवृत्तीनंतर त्या अक्षराला कंपवाताने धरलं. आधी उजवा अंगठा हलायला लागला, मग सगळा हात. अक्षर बारीक होत गेलं, ओळीच्या शेवटी तर वाचता येईना. चहाचा कप बशीवर वाजू लागला म्हणून त्यांनी लोकांकडे चहा घ्यायचं सोडलं. वसंता त्यांना पणजीला एका मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काही महिने एक औषध झालं, मग त्याच्या जोडीला डॉक्टरांनी नवी गोळी दिली, आणि ती बाईंना अशी लागू पडली की आम्ही बघतच राहिलो. हात ठरला. एक दिवस सकाळी माझ्या दारात चिठ्ठी: "तुळस सुकली आहे." तेच अक्षर, तोच वळणदार 'ळ'. मी चिठ्ठी हातात घेऊन रडले. बाई गोळी घ्यायच्या आधी तिला हात जोडत. मी हसले तर म्हणाल्या, "हसू नकोस. देवाने नेलं ते हिने परत आणून दिलं."

त्यानंतर बाई बदलायला लागल्या, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना तो बदल आवडला. गणेश मंडळाची पोरं दरवर्षी सोडतीची कूपनं घेऊन येत आणि बाई दरवर्षी देणगी देऊन कूपन त्यांच्यासमोर फाडत. त्या वर्षी त्यांनी अख्खं कूपनबुक घेतलं. पोरांनी उत्साहात मंडपात त्यांचा सत्कार केला. "बाई आतां माणसांत आयल्यो," असं वाडा म्हणाला. मीही म्हणाले. मग पैसे लावून खेळायची हाऊजी आली. मग मोबाइल. ज्या बाईंना फोन म्हणजे घरातलं भूत वाटायचं, त्या जनेलात बसून तासन्‌तास बोटाने पत्ते सरकवू लागल्या. हात बरा झाला म्हणून विरंगुळा मिळाला, असं मला वाटायचं. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराशी त्या आता दारातच काहीतरी कुजबुजत. पाव घेताना त्याच्या हातात कागदाचा तुकडाही जातो आणि त्यावर मटक्याचा आकडा असतो, हे मला फार उशिरा कळलं. हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या तेव्हा मी विचारलं. "सैल झाल्या होत्या," म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांना मी प्रथमच बघत होते, म्हणून ते खोटं आहे हे मला ओळखताच आलं नाही.

आणि मग ती जत्रा. पटापाशी मी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी विसरणार नाही. लाज नव्हती त्यात. घाई होती. मी मधे कशाला आले, एवढाच प्रश्न होता. वसंताला कोणीतरी बोलावून आणलं. त्याने बहिणीला सगळ्यांसमोर उठवलं आणि गाडीत घातलं. पालखी निघायच्या आत बातमी सगळ्या जत्रेत पसरली. लोक हसत होते हे मला सहन झालं नाही. ज्यांना बाईंनी कधी काळी कान धरून उठवलं होतं, ते जास्त हसत होते.

आमच्याकडे असं काही झालं की माणूस आधी देवाकडे जातो. "बाईंक कितें तरी लागलां," असं गाव म्हणालं. वसंताने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. बाईंनी एका शब्दाने विरोध केला नाही. नारळ समोर ठेवून गावकाराने गाऱ्हाणं सुरू केलं, की बारा गावच्या बारा वाटांनी जी काही बाधा आली असेल ती दूर कर महाराजा, आणि सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. बाईंनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली. आवाज खणखणीत होता. मला वाटलं, सुटलो. बाईंनी एखादी गोष्ट करणार नाही म्हटलं, की ती संपली.

शपथेनंतरच्याच आठवड्यात मी भाजी द्यायला गेले, तर बाई न्हाणीघरात दार लावून फोनवर पत्ते खेळत होत्या. बाहेर आल्या, मला बघितलं आणि कदेल ओढून त्यावर मटकन बसल्या. आयुष्यभर माझ्याशी शुद्ध मराठी बोलणारी ती बाई त्या दिवशी घरच्या भाषेत बोलली. "देवामुखार शपथ घेतली आनी मोडली गो. आतां म्हजेर कोण विस्वास दवरतलो? हांवूच दवरना." बाईंचा आता बाईंवरच विश्वास राहिला नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असं मी त्याआधी कधी केलेलं नव्हतं.

डॉक्टरांकडे जायची तारीख आली तेव्हा वसंता म्हणाला, मी तिच्याबरोबर पाय टाकणार नाही. म्हणून मी गेले. खरं तर जुगाराचा आणि डॉक्टरांचा काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. कंपवात हा हाताचा आजार आणि जुगार हा अकलेचा, अशी माझी वाटणी होती. डॉक्टरांनी हात बघितला, चालून दाखवायला सांगितलं, कागदावर एक ओळ लिहून घेतली. अक्षर बघून ते खूश झाले. मग चिठ्ठी लिहिता लिहिता, झोप कशी, पोट कसं, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "जुगार, खरेदी, सारखं खात राहणं, असलं काही नवीन सुरू झालंय? एखाद्या गोष्टीची आवरत नाही अशी ओढ?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मला एकाच वेळी दोन धक्के बसले. एक, बाई डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून धादांत खोटं बोलल्या. आणि दुसरा त्याहून मोठा. कोरगावच्या जत्रेतली गोष्ट या पणजीच्या माणसाला कशी कळली? मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला कोणी कशाला सांगायला हवं?" ते पेन ठेवून म्हणाले. "ही गोळी काही लोकांना तसं करते. सगळ्यांना नाही. हात चालवायला मेंदूत जे रसायन वाढवतो, तेच कधी कधी ओढही वाढवतं, आणि माणसाचा ब्रेक सैल होतो. साधी, सज्जन माणसं रात्रंदिवस पत्ते खेळायला लागतात आणि घरच्यांना वाटतं, म्हातारपणी चळ लागला. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यांचे भाऊ होते बरोबर."

मी बाईंकडे बघितलं. बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मग मीच सगळं सांगितलं. कूपनं, हाऊजी, पोदेर, पाटल्या, गडगडा, नारळ. सांगताना मला चहाडी केल्यासारखं वाटत होतं, तरी मी थांबले नाही.

बाई भडकल्या. माझ्यावर नाही, डॉक्टरांवर. "गोळीने जुगार खेळवला म्हणता? मग जत्रेत बसतात त्या सगळ्यांना कुणी गोळ्या दिल्या? जन्मभर मी पोरांना शिकवलं की आपल्या चुकीला दुसऱ्याचं नाव देऊ नये. आता माझी पाळी आली तर मी गोळीचं नाव सांगून सुटू?"

डॉक्टर वयाने लहान होते, पण माणूस धीराचा. म्हणाले, "बाई, गोळीने पुरळ आलं असतं तर सांगितलं असतं की नाही?"

"सांगितलं असतं."

"मग हे पुरळ आतून आलंय."

बाईंनी मघाशी ओळ लिहिलेला कागद पुढे ओढला. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "ही बंद केली तर माझ्या अक्षराचं काय?"

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. डॉक्टरांचा तो इशारा बाई विसरल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी ते बोलले तेव्हा त्यांनी हसून सोडून दिलं होतं, की जगाला सांगा हे, सुलभा गावसला कशाला? पण पुढे ओढ लागली तेव्हा त्यांना ते शब्द आठवले होते. परतताना गाडीत त्यांनी स्वतःच कबूल केलं. "अर्धा विश्वास होता, अर्धा नव्हता. पण सांगितलं असतं तर गोळी काढून घेतली असती. जुगारी म्हणतील तर म्हणोत, पण हात राहू दे, असं वाटायचं मला." ही कोण बोलतेय, असं मला वाटलं. ज्या बाईंनी आपल्या अब्रूला कधी धूळ लागू दिली नाही, त्यांनी तीच अब्रू चार ओळी नीट लिहिता याव्यात म्हणून दिली होती. आणि तीसुद्धा गोळीच बोलत होती की बाई, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना फसवं आश्वासन दिलं नाही. गोळी हळूहळू कमी करू, दुसरं औषध वाढवू, पण हात आत्ता आहे तसा राहीलच असं नाही, म्हणाले. "आणि आता रागाने घरी जाऊन एकदम बंद करायची नाही. ते आणखी वाईट. फोन मात्र काही दिवस यांच्याकडे द्या." फोन बाईंनी तिथेच माझ्या हातात दिला. मग डॉक्टर म्हणाले की हा दुष्परिणाम त्यांना वर कळवावा लागेल. औषधांनी काय काय त्रास होतो ते गोळा करणारी सरकारी व्यवस्था असते, तिथे. रुग्णाचं नाव बाहेर जात नाही.

"रुग्णाला स्वतः कळवता येतं?" बाईंनी विचारलं.

"येतं की."

"मग कागद द्या."

डॉक्टरांनी फॉर्म दिला आणि काय झालं त्या रकान्यात 'वर्तनात बदल' एवढं लिहिलं तरी चालेल, असं सौजन्याने सुचवलं. बाईंमधली मुख्याध्यापिका जागी झाली. "वर्तनात बदल म्हणजे काय? मी पहाटे उठून योगासनं करायला लागले तर तोही बदलच. वाचणाऱ्याला कळायला नको?" त्यांनी लिहिलं: जुगार. खाली गोळी केव्हा सुरू झाली, पहिलं कूपन केव्हा घेतलं, शपथ घेऊनही आवरलं नाही, ते सगळं. डॉक्टर बाहेरचे रुग्ण थांबवून बघत होते. मला ते बघवेना. त्या सुंदर, ठाशीव अक्षरात बाई तेच अक्षर आपल्या हातून जाण्याची व्यवस्था करत होत्या, आणि त्यांचा हात कुठे अडखळला नाही.

गोळी उतरत गेली तशी ओढही उतरली. लगेच नाही. मधे फार वाईट दिवस गेले, बाई माझ्याकडे फोन मागत, आणि मी नाही म्हटलं की मला घरातून चालती हो म्हणत. मग एक सकाळ अशी आली की पोदेर आला आणि बाईंनी नुसते पाव घेतले. वसंता जत्रेतलं खाजे घेऊन भेटायला आला आणि ते हातात तसंच धरून ओक्साबोक्शी रडला. "दोतोर सांगतालो तेन्ना हांव हांसलों गो," एवढंच म्हणत राहिला. बाई त्याला म्हणाल्या, "मीसुद्धा हसले होते रे." आपल्या घरात असं होणारच नाही, या खात्रीनेच दोघांना बुडवलं होतं.

हात मात्र पुन्हा हलायला लागला. अक्षर पुन्हा बारीक झालं. गावानेही काही माफ केलं नाही. "गोळयेचें निमित्त," असं म्हणून लोक एकमेकांना डोळे घालत. मी दोघातिघांशी भांडले. बाईंनी मला गप्प केलं. म्हणाल्या, "ज्यांना पटवायचंय त्यांना पटवू या. यांना काय करायचंय?"

म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे त्या भाचीकडे फोंड्याला राहायला गेल्या आणि तिथेच न्यूमोनियाने गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे बाई येतात त्या पणजीच्या दवाखान्यातल्या, आम्ही दोघी शेवटचं एकत्र गेलो होतो त्या दिवशीच्या.

बाहेरची खोली भरलेली होती. पेडण्याकडचा एक धिप्पाड, कडक इस्त्रीचा गृहस्थ आतून चिठ्ठी घेऊन हसत बाहेर आला आणि बायकोला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दोतोर म्हणटा, ह्या गोळयेन जुगार खेळशात. म्हाका म्हणटा! आमच्या घराण्यांत पत्त्यांक कोण हात लायना." बायकोही हसली. आणखी कोणी कोणी हसलं.

बाई उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. खुर्चीच्या दांडीवर हात थडथडत होता. मी साडी ओढून म्हटलं, बाई, राहू द्या. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि अख्ख्या शाळेपुढे बोलावं तशा आवाजात बोलल्या, "मी सुलभा गावस. डिचोलीला मुख्याध्यापिका होते. जुगार खेळणाऱ्यांना मी जत्रेतून कान धरून उठवलेलं आहे. हीच गोळी घेऊन मी कोरगावच्या जत्रेत गडगड्याला बसले. पाटल्या विकल्या. देवासमोर शपथ घेतली आणि मोडली."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. ज्या गोष्टीत बाईंचं नाव बाहेर जाणार नाही असं डॉक्टरांनी वचन दिलं होतं, ती बाई नावगावासकट अनोळखी माणसांना सांगत होत्या.

"गोळी चांगली आहे," त्या पुढे म्हणाल्या. "घ्या. हात बरा होईल. पण ओढ लागली तर हे तुम्हाला सांगणार नाहीत." हे त्या गृहस्थाच्या बायकोकडे वळून होतं. "मी नाही सांगितलं. लाज वाटते, आणि गोळी सोडवत नाही. म्हणून लक्ष तुम्ही ठेवायचं आणि डॉक्टरांना तुम्ही सांगायचं."

तेवढ्यात आतून बाईंचं नाव पुकारलं. त्या माझा आधार न घेता, लहान लहान पावलं टाकत आत गेल्या. तो गृहस्थ हसायचा थांबला होता. त्याच्या बायकोने पर्समधून चष्मा काढला, नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, आणि ती पहिल्यापासून वाचायला लागली.